घरातून काय गेलं, ते विचार

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

मंदीचा घरांवर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी तू केलेली प्रश्नावली वाचली. पहिलाच प्रश्न आहे, ‘गेल्या महिन्यात घरात किती पैसे आले?’ माझ्या पहिल्या प्रश्नावलीतही तोच होता, आणि त्यानेच मला चकवलं. कारखाना बंद होऊन चार महिने झालेल्या एका घरात बाईंनी सांगितलेली रक्कम जवळजवळ आदल्या वर्षीइतकीच निघाली. मी रकाना भरला. उठताना भिंतीलगत फरशीचा एक चौकोन दिसला, बाकी फरशीपेक्षा उजळ. तिथे शिलाई मशीन असायचं. महिन्याचे पैसे त्या मशीनचे होते. पुढची कमाई ज्यावर व्हायची तेच विकून घर चाललं होतं, आणि माझ्या कागदावर मात्र ‘फरक नाही’ अशी नोंद होती.

तेव्हापासून मी घराला बसलेला आर्थिक धक्का दोनदा मोजतो. कमाई किती बुडाली हे एकदा, आणि ती खोट भरायला घराने काय केलं हे दुसऱ्यांदा. खर्च आवळणं, उसनवारी करणं इथवर गेलेलं घर सावरतं. जनावर, हत्यार, जमीन गेली किंवा मूल शाळेतून काढलं, की मंदी ओसरल्यावरही ते घर मागेच राहतं. देशाचं उत्पन्न पुन्हा चढतं आणि वर्तमानपत्रं संकट संपल्याचं लिहितात. त्या सरासरीत हे घर कुठेच दिसत नाही.

कधीकधी तर एका घराची सरासरीसुद्धा फसवते. १९९७ च्या आशियाई चलनसंकटानंतर, १९९८ मध्ये, इंडोनेशियाची अर्थव्यवस्था सुमारे १३ टक्क्यांनी आकसली. गरीब घरांनी शिक्षणावरचा खर्च कमी केला. पण अभ्यासकांनी खोलात जाऊन पाहिलं तेव्हा कळलं की थोरल्या मुलांची शाळा टिकवायची धडपड झाली आणि झळ जास्त करून धाकट्यांना बसली. उत्पन्न एकच, छप्पर एकच, तरी नुकसानाची वाटणी सारखी नव्हती. तिथल्या सरकारने त्याच वर्षी शिष्यवृत्त्या सुरू केल्या, हे मला फार मोलाचं वाटतं. दोन वर्षांनी दिलेली शिष्यवृत्ती शाळा सोडून गेलेल्या मुलाच्या काय कामाची?

धोरण पाहताना हाच प्रश्न धरून ठेव: मदत घरातली वस्तू विकण्याआधी पोचली की नंतर? महाराष्ट्राचा अनुभव या दृष्टीने पुन्हा वाच. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं सरकारी कामांवर खडी फोडत होती, बंधारे बांधत होती. पण दुष्काळी कामं दुष्काळ जाहीर झाल्यावर निघतात, आणि घराची घसरण त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेल्या रोजगार हमीने हा क्रमच उलटा केला. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागणाऱ्याला १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. संकट आलं आहे हे ठरवायचा अधिकार मजुराच्या हाती आला. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याची मुळं इथे आहेत. त्या कायद्याने मजुरीही पंधरवड्याच्या आत द्यायची मुदत घातली. ही मुदत कार्यालयाच्या सोयीची बाब समजू नकोस. मजुरी दोन महिने रखडली तर तोवर घर सावकाराच्या दारात गेलेलं असतं, आणि योजनेच्या अहवालात मात्र पूर्ण रक्कम वाटल्याची नोंद दिसते. याचा मला आजही राग येतो.

२००९ च्या जागतिक मंदीतलं जर्मनीचंही पाहा. उत्पादन ५ टक्क्यांहून अधिक घसरलं, तरी बेकारी फारशी वाढली नाही. कारखान्यांनी माणसं काढण्याऐवजी तास कमी केले आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकारी यंत्रणेने भरला. मात्र ज्याचं नाव पगारपत्रकावर असतं, त्यालाच हे कवच मिळतं. रोजंदारीवरच्या माणसाला ते कसं द्यायचं, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. तू शोधावंस असं वाटतं.

महागाईसाठी वेगळा भाग ठेव. त्यात घर धान्य विकतं की विकत घेतं, हे आधी विचार. भाव चढल्यावर या दोघांची दिशाच वेगळी असते.

आता प्रश्नावलीबद्दल. उत्पन्नाचा प्रश्न खाली ने. वर लिही, ‘गेल्या वर्षी घरात होतं आणि आज नाही, असं काय आहे?’ प्रत्येक मुलाची शाळा वेगळी विचार, आणि घरातल्या बाईशी वेगळं बोल. मग वर्षाने त्याच घरांत परत जा. मी गेलो नव्हतो. पाहणीसाठी निवडलेल्या नमुन्यात नवी घरं आली होती, आणि तो चौकोन पुन्हा भरला का, हे मला कधीच कळलं नाही. पैसे कमी पडले तर नवी घरं गाळ, जुनी सोडू नकोस. सुधारलेली प्रश्नावली पाठव, मी लगेच वाचतो.

तुझा,
काका