नव्या अल्बमला समीक्षक गुण कसे देतात : लातूरच्या सदस्याच्या प्रश्नाला उत्तर

लातूरच्या एका सदस्याने विचारले आहे, की नव्या अल्बमला समीक्षक साडेसात, आठ असे गुण कशावरून देतात, एकाच अल्बमचे गुण दोन ठिकाणी इतके वेगळे का असतात, आणि जिल्हा दैनिकाच्या पुरवणीसाठी भीमगीतांच्या एका नव्या अल्बमचे परीक्षण लिहायचे असेल तर सुरुवात कोठून करावी. मराठवाड्यातल्या पुरवण्यांमधून बरीच वर्षे संगीतावर लिहीत आल्यामुळे हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आपल्याकडे, आणि लातुरात तर विशेषच, गुण म्हटले की बोर्डाची परीक्षा आठवते. तेथे नमुना उत्तरपत्रिका असते आणि प्रत्येक चूक किती गुणांची हे आधी ठरलेले असते. अल्बमच्या बाबतीत असे काहीही नसते. चालीला तीन, शब्दांना तीन, गायनाला चार अशी बेरीज करून गुण काढणारा जाणता समीक्षक माझ्या पाहण्यात नाही. समीक्षक जो आकडा देतो ती तुलना असते : त्याच कलाकाराच्या आधीच्या कामाशी, त्या प्रकारातल्या उत्तम कामाशी आणि त्या वर्षी निघालेल्या इतर अल्बमांशी. ही तुलना कशाशी केली हे परीक्षणात सांगितलेले नसेल, तर साडेसात आणि आठ यांतला फरक वाचकाला कधीच कळणार नाही, आणि तो दोष वाचकाचा नसतो.

व्यवसाय म्हणून हे काम कसे चालते ते आधी पाहू. परदेशातल्या मोठ्या नियतकालिकांच्या समीक्षकांना अल्बम बाजारात येण्यापूर्वीच ऐकायला मिळतो. पूर्वी कॅसेट किंवा सीडी येत असे, आता खासगी दुवा येतो, आणि ठरलेल्या तारखेआधी परीक्षण छापायचे नाही अशी अट असते. त्यामुळे शांतपणे अनेकदा ऐकायला अवधी मिळतो. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकन गायिका बियॉन्सेने कोणतीही पूर्वसूचना न देता अख्खा अल्बम प्रसिद्ध केला, तेव्हा ही घडी विस्कटली आणि समीक्षकांना श्रोत्यांबरोबरच ऐकून घाईने लिहावे लागले. घाईच्या परीक्षणात पहिल्या दोन-तीन गाण्यांवर भरपूर मजकूर असतो आणि उत्तरार्धातली गाणी एका वाक्यात उरकलेली असतात. एकदा हे लक्षात आले, की पुढे कोणतेही परीक्षण वाचताना ते ओळखता येते.

मोजपट्ट्याही निरनिराळ्या आहेत. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट ख्रिस्टगाऊ यांनी १९६९ पासून न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात शाळेतल्यासारखी अक्षरश्रेणी देत अल्बमांची छोटी, घट्ट परीक्षणे लिहिली. ‘पिचफोर्क’ हे संगीत-परीक्षणांचे अमेरिकन संकेतस्थळ ०.० ते १०.० अशी दशांशाची पट्टी वापरते. ‘मेटाक्रिटिक’ हे संकेतस्थळ निरनिराळ्या ठिकाणचे गुण १०० च्या पट्टीवर आणून त्यांची भारित सरासरी काढते, म्हणजे काही ठिकाणच्या गुणांना जास्त वजन देते. तेथे ‘बी’ श्रेणीचे ७५ होतात आणि ‘बी उणे’चे ६७. एका उणे चिन्हाने आठ गुण जातात, आणि ती श्रेणी देणाऱ्या समीक्षकाच्या मनात आठ गुणांचे अंतर असेलच असे नाही. ज्या परीक्षणात आकडाच नसतो, त्याला मजकुरावरून आकडा देण्याचे काम ‘मेटाक्रिटिक’चे कर्मचारी करतात. तेव्हा एकाच अल्बमचे गुण दोन ठिकाणी वेगळे दिसण्यात रुचीचा भाग जेवढा असतो, तेवढाच या रूपांतराचाही असतो.

बहुतेक आकडे सहा ते आठ यांच्यामध्येच का दाटतात, याचे कारण साधे आहे. निघणाऱ्या अल्बमांपैकी फार थोडे परीक्षणासाठी निवडले जातात. अगदी कच्चे काम त्या निवडीतच गळते, त्यामुळे पट्टीचा खालचा अर्धा भाग जवळजवळ रिकामा राहतो.

आकडा किती तात्पुरता असतो याचा उत्तम पुरावा खुद्द ‘पिचफोर्क’नेच दिला. २०२१ मध्ये, आपल्या २५ व्या वर्षी, त्यांनी जुन्या काही अल्बमांचे गुण बदलून प्रसिद्ध केले. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या ‘डिस्कव्हरी’ला मुळात ६.४ दिले होते, ते १० झाले. अमेरिकन गायिका लिझ फेअरच्या २००३ च्या अल्बमला शून्य दिले होते, ते ६.० झाले. ध्वनिमुद्रणातला एक स्वरही बदललेला नव्हता. मधल्या वर्षांत निघालेल्या संगीतामुळे तुलनेचा आधार बदलला होता, आणि एका परंपरेच्या अपेक्षा दुसऱ्या परंपरेच्या कामावर लादल्या गेल्या होत्या हे त्यांना जाणवले होते. गुण उघडपणे बदलण्याचा हा प्रामाणिकपणा मला आदरणीय वाटतो.

मोजमापाची याहून जुनी आणि माझ्या मते अधिक उपयोगी रीत आपल्या मराठवाड्यातच लिहिली गेली, आणि तिची आठवण आपण फार कमी वेळा काढतो याचे मला मनापासून वाईट वाटते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारी हिशेबाचा अधिकारी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या प्रकीर्णक अध्यायात गायकांचे उत्तम, मध्यम आणि अधम असे तीन वर्ग केले आहेत, म्हणजे पट्टी अवघ्या तीन पायऱ्यांची आहे. मात्र दोष पंचवीस सांगितले आहेत आणि प्रत्येकाला नाव दिले आहे : दात आवळून गाणारा ‘संदष्ट’, भीतभीत गाणारा ‘भीत’, कावळ्यासारख्या कर्कश आवाजाचा ‘काकी’, ताल चुकणारा ‘विताल’, ज्याचे शब्द कळत नाहीत तो ‘अव्यक्त’, नाकात गाणारा ‘सानुनासिक’. श्रेणी ढोबळ ठेवायची आणि कारणे बारकाईने सांगायची, अशी ही रीत आहे. ‘अव्यक्त’ म्हटले की ऐकणारा स्वतः तपासून पाहू शकतो, ‘६.८’ म्हटले की त्याला तपासण्यासारखे काहीच हाती लागत नाही.

त्याच यादीत डोळे मिटून गाणारा ‘विनिमीलक’ही दोषी ठरला आहे. तो दोष समोर बसलेल्या सभेच्या दृष्टीने आहे, ध्वनिमुद्रणात तो कळणारही नाही. रागांची मिसळ करणारा ‘मिश्रक’ही तेथे दोषी आहे, पण आजच्या फ्यूजन अल्बममध्ये मिसळ हाच हेतू असतो. म्हणजे कसोटी त्या त्या संगीताच्या उपयोगातून आणि परंपरेतून यायला हवी. भीमगीतांच्या अल्बमवर लिहिताना तुम्हाला सर्वांत जास्त जपावे लागेल ते येथेच.

भीमगीत हेडफोन लावून एकट्याने ऐकण्यासाठी प्रामुख्याने रचलेले नसते. १४ एप्रिलच्या जयंतीला चौकात, मिरवणुकीत, विहारासमोर ते वाजते, शेकडो माणसे त्यात आपला आवाज मिसळतात. त्यामुळे कोरसला प्रतिसाद देता यावा म्हणून ध्रुवपदानंतर जागा सोडली आहे का, मुखडा पहिल्याच फेरीत तोंडात बसतो का, ढोलकीचा ठेका मोठ्या स्पीकरवर स्वच्छ राहतो की कीबोर्डच्या बेसखाली दबतो, हे आधी ऐकले पाहिजे. अनेक गीतांवर कव्वालीच्या मुकाबल्याचा ठसा असतो. तेथे गायकाची शेर टाकण्याची हातोटी आणि ओळीची पुनरावृत्ती करताना तो भर कसा वाढवतो हेच कौशल्य असते. त्याला ‘तेच तेच गाणे’ म्हणणे हे परंपरा न कळल्याचे लक्षण आहे. तुलना करायची तर वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या कामाशी करा, हिंदी चित्रपटाच्या नव्या गाण्यांशी करू नका.

शब्दांचा अभ्यासही तितकाच आवश्यक आहे. मराठवाड्यातल्या गीतांमध्ये नामांतराचा उल्लेख वारंवार येतो. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला; मधल्या साडेपंधरा वर्षांत लोकांनी काय सोसले, त्या लढ्यात प्राण गमावलेल्या पोचिराम कांबळे आणि गौतम वाघमारे यांची नावे गीतांत का येतात, हे ज्याला ठाऊक नाही त्याने अशा गीताच्या शब्दांना भावनाप्रधान किंवा संयमी अशी विशेषणे लावू नयेत. एखादी ओळ कळली नाही तर गीतकाराला फोन करून विचारा. आपल्याकडे गीतकार एका फोनवर भेटतो, ही सोय मोठ्या शहरांतल्या समीक्षकांनाही सहसा नसते.

ऐकण्याची माझी पद्धत सांगतो. पहिल्यांदा अल्बम क्रमाने, न थांबता, काहीही न लिहिता ऐकावा. दुसऱ्यांदा गीतांचे शब्द समोर ठेवून, प्रत्येक गाण्यातल्या मिनिट-सेकंदांची नोंद करत ऐकावा. मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्यावेत. काय आपोआप आठवते आणि काय पूर्णपणे पुसले गेले, हे त्या अवधीत कळते. मग मोबाइलवर, गाडीत आणि शक्य असेल तर मोठ्या स्पीकरवर ऐकावा. सगळीच वाद्ये सारख्याच जोराने अंगावर येत असतील तर मास्टरिंगमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रणावरच्या शेवटच्या संस्कारात, अति कॉम्प्रेशन (हळू आणि मोठ्या आवाजांतले अंतर कमी करणे) झाले असावे. मेटॅलिका या अमेरिकन बँडच्या २००८ च्या अल्बमवर जगभरातल्या चाहत्यांनी हाच आक्षेप घेतला होता. असा दोष गायकाच्या माथी मारू नये. आमच्या भागातल्या छोट्या स्टुडिओंमध्ये बहुतेक वेळा एकच माणूस ध्वनिमुद्रण, मिक्सिंग आणि मास्टरिंग करतो, हेही ध्यानात असू द्यावे. मात्र त्यासाठी निकष सैल करू नयेत. उणीव कोणत्या टप्प्यावर राहिली ते नेमके लिहावे, म्हणजे पुढच्या ध्वनिमुद्रणात त्या मंडळींना त्याचा उपयोग होतो.

आणखी एक अडचण आपल्या भागात खरी आहे. गायक ओळखीचा असतो, निर्माता त्याच पुरवणीला जाहिरात देतो, आणि प्रकाशनाच्या कार्यक्रमात समीक्षकालाच व्यासपीठावर बसवून शाल दिली जाते. ज्या अल्बमवर लिहायचे आहे त्याच्या प्रकाशनाचे निमंत्रण श्रोत्यांमध्ये बसण्यापुरते स्वीकारा, व्यासपीठावर जाऊ नका. नाते किंवा जुनी मैत्री असेल तर ती परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदात नोंदवा, आणि नाते फारच जवळचे असेल तर ते काम दुसऱ्याला द्या.

संपादक ताऱ्यांची मागणी करतील, कारण त्यांना चौकटीत काहीतरी ठळक हवे असते. तेव्हा पाच ताऱ्यांऐवजी तीनच श्रेणी मागून घ्या : ‘अवश्य ऐकावा’, ‘निवडक गाणी ऐकावीत’ आणि ‘पुढच्या अल्बमची वाट पाहावी’. दुसरी श्रेणी दिलीत तर ती निवडक गाणी कोणती, हे तेथेच नावानिशी छापा. श्रेणी मजकूर पूर्ण झाल्यावरच ठरवा, आणि लिहिलेली कारणे तिला पुरेशी आधार देतात का ते पाहण्यासाठी मसुदा भीमगीते ऐकत वाढलेल्या एखाद्या माणसाला श्रेणी झाकून वाचायला द्या. त्याने वेगळीच श्रेणी सांगितली तर आधी मजकूर पुन्हा तपासा.