सरकारच ऐकत नसेल तर कोर्टाचा उपयोग काय?

प्रश्न: ताई, सारखं वाचनात येतं की अमक्या देशाने मानवी हक्क कोर्टाचा निकाल मानला नाही, तमका देश करारातून बाहेर पडायचं म्हणतोय. या कोर्टांकडे ना पोलीस ना तुरुंग, मग निकाल देऊन होतं काय? आणि खरं सांगू, लोकांनी निवडून दिलेल्या संसदेला बाहेरच्या जजनी शिकवायचं हे मला तरी पटत नाही.

उत्तर: आधी एक घोळ निस्तरते, कारण बऱ्याच पत्रांत तो असतो. हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय वेगळं, तिथे एक देश दुसऱ्या देशाविरुद्ध जातो. तुम्ही म्हणताय ती कोर्टं तीन. युरोपचं फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला, अमेरिका खंडांचं कोस्टारिकात सान होसेला आणि आफ्रिकेचं टांझानियात अरुशाला. साध्या माणसाने स्वतःच्याच सरकारविरुद्ध दाद मागायची ती इथे, म्हणजे देशातली कोर्टं करून झाल्यावर. स्ट्रासबर्गचा युरोपियन युनियनशीही संबंध नाही, म्हणून तर ब्रिटन युनियनमधून बाहेर पडलं तरी या कोर्टाच्या कक्षेत राहिलं.

आता पोलीस नाहीत, हे अगदी खरं. तुर्कस्तानचे सामाजिक कार्यकर्ते उस्मान कवाला यांची केस बघा. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये अटक झाली, डिसेंबर २०१९ मध्ये स्ट्रासबर्गने सांगितलं की अटकेमागे माणसाचं तोंड बंद करायचा हेतू दिसतोय, ताबडतोब सोडा. फेब्रुवारी २०२० मध्ये तुर्कस्तानातल्याच कोर्टाने त्यांना निर्दोष ठरवलं, आता सुटणार म्हणून माणसं वाट बघत होती आणि तुरुंगातून बाहेर पडायच्या आधीच, त्याच संध्याकाळी, दुसऱ्या आरोपाखाली त्यांना परत ताब्यात घेतलं. पुढे २०२२ मध्ये जन्मठेप. त्याच वर्षी जुलैत स्ट्रासबर्गच्या मोठ्या पीठाने तुर्कस्तानने निकाल पाळलेला नाही असा ठपका ठेवला, तरी २०२३ मध्ये तिथल्या वरच्या कोर्टाने ती शिक्षा कायमच केली. मला ही केस वाचताना दर वेळी गलबलून येतं.

पण म्हणून निकालाला केराची टोपलीच मिळते असं नाही हं. असाच ठपका त्याआधी फक्त एकदा, २०१९ मध्ये अझरबैजानवर आला होता. इल्गार मम्मादोव नावाचे विरोधी पक्षाचे नेते २०१३ पासून आत होते, २०१४ चा निकाल सरकारने चार वर्षं ताणला, पण हे कोर्ट ज्या युरोप परिषदेचं, तिच्या सदस्य सरकारांची मंत्री समिती असते ती बैठकीमागून बैठक तोच विषय काढत राहिली, शेवटी २०१८ मध्ये ते सुटले आणि २०२० मध्ये देशातल्या सर्वोच्च न्यायालयानेच त्यांना निर्दोष सोडलं. कोर्टाची ताकद ही अशी आहे, ती फाइल बंद होऊ देत नाही. फार हळू चालतं, आत बसलेल्या माणसाचं आयुष्य तेवढं थांबत नाही, ही माझी या कोर्टाबद्दलची मोठी तक्रार आहे.

संसदेचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये नेमका हाच वाद झाला. २००५ मध्ये कोर्ट म्हणालं की शिक्षा भोगणाऱ्या सरसकट सगळ्या कैद्यांचा मताचा हक्क काढून घेणं चूक. सगळ्यांना मत द्या असं म्हटलेलंच नव्हतं, गुन्हा आणि शिक्षा न बघता सरसकट बंदी नको एवढंच. तरी २०११ मध्ये खासदारांनी २३४ विरुद्ध २२ मतांनी बंदीच्या बाजूने कौल दिला. शेवटी तात्पुरत्या रजेवर बाहेर असलेल्या कैद्यांना मत देता येईल एवढा छोटा बदल करून २०१८ मध्ये विषय मिटला. आणि ‘बाहेरचे जज’ हेही अर्धंच खरं. ४६ देश, प्रत्येकाचा एक जज, नावं सरकारच सुचवतं आणि ज्या देशावर केस असते त्या देशाचा जज त्या पीठावर बसतोच.

बहुमताचं सरकार बहुतेकांचं भलं करत असेलही, पण कैदी, निर्वासित, सरकारला नकोसा झालेला पत्रकार यांची मतं कुणाला हवी असतात? कुंपणच शेत खायला लागलं तर शेताने जायचं कुठे, तेवढ्यासाठी हे कोर्ट आहे. आणि हे कोर्ट ज्या मानवी हक्क करारावर चालतं तो कुणी लादलेला नाही, सरकारांनी स्वतः सह्या केल्यात.

प्रश्न: देश करारातून बाहेर पडला की जुन्या केसेस संपतात का?

उत्तर: नाही. रशियाला मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे युरोप परिषदेतून काढलं, १६ सप्टेंबर २०२२ ला करार सुटला, पण त्या तारखेपर्यंत जे घडलं त्याच्या केसेस कोर्ट ऐकतंच. रशियाने मात्र काढलं त्यानंतरचे निकाल पाळणार नाही असा कायदाच केला. व्हेनेझुएला अमेरिका खंडांच्या करारातून २०१२ मध्ये नोटीस देऊन वर्षभराने बाहेर पडला.

मला जास्त लागलं ते टांझानियाचं. आफ्रिकेचं कोर्ट ज्या देशात आहे, सगळ्यात जास्त केसेस ज्या देशावर आहेत, त्यानेच नोव्हेंबर २०१९ मध्ये सामान्य माणसाला थेट कोर्टात जायची दिलेली परवानगी मागे घेतली, एक वर्षाने ती लागू झाली. त्याच महिन्यात कोर्टाने निकाल दिला होता की खुनाला फाशीच द्यायची, जजला दुसरा पर्यायच नाही, असा टांझानियाचा कायदा जगण्याच्या हक्काविरुद्ध आहे. म्हणजे आता अरुशाचा माणूस स्वतःच्या गावातल्या कोर्टाच्या फाटकापर्यंत चालत जाईल, पण सरकारविरुद्ध नवी केस थेट टाकू शकणार नाही.

प्रश्न: आशियासाठी असं कोर्ट आहे का?

उत्तर: नाही. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा २००९ पासून एक आयोग आहे, पण तो एकेकट्या माणसाच्या तक्रारीवर निकाल देत नाही. नेपाळ, फिलिपिन्स, दक्षिण कोरिया अशा काही देशांतल्या माणसाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे तक्रार करता येते, कारण त्या सरकारांनी त्यासाठी वेगळी सही केलीय. समिती आपलं मत कळवते, त्याला कोर्टाच्या निकालाचं बळ नसतं.