एनव्हीडीए शिकताना आधी कळफलक

माऊस बाजूला ठेवा. एनव्हीडीए म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम. कंट्रोल, ऑल्ट आणि एन एकत्र दाबले की एनव्हीडीए सुरू होतं. त्याला आज्ञा देताना इतर कळींसोबत धरायची ती एनव्हीडीए-कळ, एरवी इन्सर्ट. लॅपटॉपवर इन्सर्ट सापडत नसेल, तर स्वागताच्या खिडकीतच कॅप्सलॉकला एनव्हीडीए-कळ करा. एनव्हीडीए-कळ धरून वरच्या ओळीतला 1 दाबा. आता प्रत्येक कळ फक्त आपलं नाव आणि काम सांगेल, काही बिघडणार नाही. बोटं बसेपर्यंत इथेच रमा, घाई नको! या सरावातून बाहेर पडायला तेच पुन्हा. बोलणं थांबवायला कंट्रोल.

वेबपानावर एच दाबून शीर्षकांवरून उड्या मारा. फॉर्ममध्ये अक्षर उमटण्याऐवजी उडीच बसली, तर तुम्ही ब्राउज मोडमध्ये आहात, म्हणजे अक्षरकळा लिहीत नाहीत, पानावर फिरवतात; लिहायला एनव्हीडीए-कळ आणि स्पेस दाबा.

मराठी फाइल उघडल्यावर एनव्हीडीए इंग्रजी अक्षरांचा गोंधळ वाचत असेल, तर बहुधा मजकूर इंग्रजी अक्षरांना मराठी रूप देणाऱ्या जुन्या फॉन्टमधला आहे, आवाज बदलून उपयोग नाही. युनिकोड, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांतली, प्रत हक्काने मागा.