हिवाळ्याआधी महिनाभराचं अन्न आणि जळण घरात कसं साठवावं?

तुमच्या घरात दोन मोठी माणसं आणि एक लहान मूल आहे, जागा बेताची आहे. थंडीत रस्ते बंद झाले, वीज गेली किंवा बाजारातला माल आटला, तर महिनाभर निभेल एवढं अन्न आणि जळण कसं साठवावं, असं तुम्ही विचारलं आहे. शेवटी हेही विचारलंय, की असा साठा करणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा घास काढणं नाही का. मी दर हिवाळ्याआधी ही तयारी करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात धान्यापासून नको, जाळापासून करा. लोक पोती आणि डबे मोजतात. ते शिजवायला किती जळण लागेल, हे फार थोडे जण मोजतात. धान्य तीस दिवसांचं आणि जळण दहा दिवसांचं असेल, तर तुमचा साठा दहा दिवसांचाच आहे. म्हणून आधी आपल्या घराचा रोजचा खर्च काढा. गॅस वापरत असाल तर रेग्युलेटर काढून सिलिंडरचं वजन करा, आठवड्याने पुन्हा करा आणि फरकाला सातने भागा. थंडीसाठी मी त्यात एक तृतीयांश भर घालते, कारण पाणी गारठलेलं असतं आणि पिण्यापासून धुण्यापर्यंत सगळ्यासाठी ते तापवावं लागतं.

लाकडावर भिस्त असेल तर हिशेब फार वेगळा होतो. एक किलो गॅसमध्ये साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता असते, चांगल्या वाळलेल्या लाकडात १५ ते १६. शिवाय गॅसच्या शेगडीवर निम्म्याहून जास्त उष्णता भांड्याला लागते, तर तीन दगडांच्या उघड्या चुलीवर जेमतेम दहा-पंधरा टक्के. म्हणजे एका किलो गॅसचं काम उघड्या चुलीवर करायला दहा ते पंधरा किलो लाकूड लागतं. बंदिस्त, नीट हवा घेणारी चूल असेल तर ते बरंच कमी होतं.

त्यात लाकूड ओलं असलं तर सगळंच फसतं. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाने निम्मं पाणी असू शकतं. ते उडवण्यातच जाळ खर्ची पडतो, धूर होतो, आणि धुराड्यात साठलेला चिकट थर पुढे पेट घेऊ शकतो. जाळायच्या लाकडात ओल २० टक्क्यांखाली हवी. फोडून रचलेल्या लाकडाला त्यासाठी निदान एक उन्हाळा लागतो, कठीण लाकडाला वर्ष-दोन वर्षंही लागतात. तेव्हा येत्या थंडीसाठी वाळलेलंच लाकूड मिळवा. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा: वाळलेल्या खणखणीत वाजतात, ओल्या बद्द वाजतात. रचताना जमिनीपासून उचलून रचा, वरून झाका आणि बाजू मोकळ्या ठेवा.

गॅसचीही थंडीत एक अडचण आहे, ती आधीच माहीत असलेली बरी. सिलिंडरमधल्या गॅसचे मुख्य घटक दोन, ब्यूटेन आणि प्रोपेन. ब्यूटेन शून्याच्या जरा खाली, उणे ०.५ अंशाला उकळतो. प्रोपेन उणे ४२ अंशाला. टाकीत ब्यूटेन जास्त असेल आणि ती बाहेर गारठली, तर आत द्रव शिल्लक असूनही त्याचा पुरेसा वायू होत नाही आणि ज्योत मरते. तुमच्याकडे पारा शून्याखाली जात असेल तर पुरवठादाराला प्रोपेनबद्दल विचारा. टाकीला आच किंवा उकळतं पाणी कधीही देऊ नका. ती उभीच ठेवा, हवेशीर जागी ठेवा, आणि तळघरात तर नकोच, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला की खाली साचतो. पेट्रोल राहत्या घरात अजिबात साठवू नका. त्याची वाफ लांबवरच्या ठिणगीनेही पेटते, आणि काही महिन्यांत ते खराब होतं. डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं गोठतं. रॉकेल बंद डब्यात त्यामानाने टिकतं. किती इंधन घरी ठेवायला परवानगी आहे, याचे नियम बहुतेक ठिकाणी असतात, ते बघून घ्या.

आता अन्न. एका मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम धान्य, १०० ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि ३० ते ४० ग्रॅम तेल धरलं, तर २००० कॅलरीच्या वर जातं. मुलाला अर्धं धरा. महिन्याला तुमच्या घरासाठी ३० किलो धान्य, साडेसात किलो डाळी आणि साधारण तीन किलो तेल होतं. वर मीठ, साखर, दूध पावडर, आणि मूल जे हमखास खातं ते. अंगमेहनत असेल तर याहून जास्त लागेल. एवढा साठा पलंगाखाली मावतो.

यातही जाळ डोळ्यांपुढे ठेवा. अख्ख्या कडधान्यापेक्षा डाळ लवकर शिजते, म्हणून मी डाळ जास्त ठेवते. कडधान्य जुनं झालं, विशेषतः उबेत आणि दमटपणात राहिलं, तर कितीही शिजवलं तरी टणक राहतं आणि जळण खातं. ते रात्रभर भिजवा. एक उकळी आली की झाकण घट्ट लावून पातेलं गोधडीत किंवा जाड कपड्यांत गुंडाळून ठेवा. भात आणि डाळ आतल्या वाफेवरच शिजत राहतात. मात्र राजमा असा शिजवू नका. त्यातला विषारी घटक मंद उष्णतेत जात नाही. भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात तो निदान दहा मिनिटं, मी तर अर्धा तास, खळखळ उकळवा आणि मगच गुंडाळा.

कडधान्यांना मोड आणणं हाही हिवाळ्यातला मोठा आधार आहे. सुक्या धान्यात सी जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. मोड आले की ते तयार होतं, आणि त्यासाठी जळण लागत नाही. ताजी भाजी बंद झाली की याची किंमत कळते. फक्त लहान मुलाला कच्चे मोड देऊ नका, वाफवून द्या.

टिकण्याबद्दल थोडक्यात: अख्खं धान्य टिकतं, पीठ टिकत नाही. कोंड्यासकट दळलेलं पीठ आणि हातसडीचा तांदूळ काही महिन्यांत खवट होतात, कारण कोंड्यात तेल असतं. पांढरा तांदूळ कोरड्या बंद डब्यात वर्षानुवर्षं राहतो. धान्य कडकडीत वाळलेलं हवं. किडीची अंडी बहुधा धान्याबरोबरच घरात येतात. फ्रीझर असेल तर छोट्या पुड्या करून उणे १८ अंशांत चार-पाच दिवस ठेवा, बाहेर काढून पुडी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग डब्यात भरा. डब्यावर तारीख लिहा, जुनं आधी वापरा. जे रोज खात नाही ते साठवू नका. आजारी, घाबरलेलं मूल अनोळखी अन्नाला तोंड लावत नाही.

पहिल्या तीन दिवसांचं अन्न मात्र न शिजवता खाता येईल असं ठेवा: सुकामेवा, भाजलेले दाणे, बिस्किटं, डबाबंद पदार्थ. युरोपियन युनियनने मार्च २०२५ मध्ये आपल्या नागरिकांना निदान ७२ तासांची सोय घरात ठेवायला सांगितलं. जर्मनीचं नागरी संरक्षण खातं दहा दिवसांची सांगतं. महिना जमला नाही तरी तिथवर पोचा. पिण्या-शिजवण्यासाठी माणशी रोज तीन-चार लिटर पाणी धरा. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं, म्हणून बाटल्या काठोकाठ भरू नका.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. थंडीत माणसं उपाशी राहून जातात त्याआधी बंद खोलीतल्या शेगडीने जातात. धूर संपून निखारे लाल झाले की ते निर्धोक वाटतात, पण त्यातूनच कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू येत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट जोराने चिकटतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये हिमवादळात लाखो घरांची वीज गेली. लोकांनी घरात कोळसा पेटवला, जनरेटर आणि गाड्या बंद जागेत चालवल्या, आणि शेकडो जण या विषबाधेने रुग्णालयात पोचले. काही जण वाचले नाहीत. कोळशाची शेगडी घरात नकोच, जनरेटर घरापासून दूर, खिडक्या-दारांपासूनही लांब. चूल पेटती ठेवून झोपू नका. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं, मळमळलं, तर कारण शोधत बसू नका. मुलाला उचला आणि सगळे बाहेर पडा. बॅटरीवर चालणारा या वायूचा डिटेक्टर धान्याच्या पहिल्या पोत्याआधी घ्या, असंच मी सांगेन.

थंडी पडण्याआधी एका सुटीला चोवीस तास मेन स्विच बंद करून बघा. साठ्यातलंच खा, साठ्यातलंच जाळा. डबा फोडायचं साधन, काड्यापेट्या, सेल, मुलाचं औषध, काय काय राहून गेलंय ते त्या दिवशी कळतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. मला वाटतं अन्याय साठ्यात नसतो, वेळेत असतो. माल भरपूर असताना थोडं थोडं घेतलं तर दुकानदार तेवढं आणखी मागवतो, कोणाचं काही जात नाही. शिवाय टंचाईच्या दिवशी तुम्ही रांगेत नसता, आणि तुमचा वाटा रोजच्या कमाईवर रोजचं आणणाऱ्याला मिळतो. मार्च २०२० मध्ये, करोनाच्या सुरुवातीला, जगभर दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या, त्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात गाड्या भरल्या म्हणून. टंचाई सुरू झालीच असेल तर आठवड्याच्या गरजेपलीकडे घेऊ नका. तान्ह्या बाळांचं दूध आणि औषधं तर मुळीच नाही. थंडीला अजून दोन-तीन महिने असतील तर दर खेपेच्या सामानात थोडी भर घाला: आधी जळण, मग धान्य-डाळी, आणि तेल सगळ्यात शेवटी, म्हणजे हिवाळा संपेपर्यंत ते खवट होणार नाही.