बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे

पणजीचा बाप्तिस्मा सोलापुरात १८९७ साली झाला, चर्चच्या रजिस्टरमध्ये वय २० लिहिलंय. घरात म्हणतात ती मोठ्या दुष्काळात जन्मली. मग जन्म १८७७ चा धरू का? (एक ताई, सात रस्ता)

धरा, पण पेन्सिलीनं. ताई, २०, ३०, ४० असं गोल वय दिसलं की ते अंदाजानं सांगितलेलं असायची शक्यता फार, मोठेपणी बाप्तिस्मा घेणाऱ्या कितीतरी जणांना जन्मतारीख माहीतच नसायची, मग पाळकानं विचारलं की मनात येईल तो आकडा सांगायचे. तुमच्याकडं त्याहून भारी पुरावा आहे तो म्हणजे घरातली आठवण. मोठा दुष्काळ म्हणजे १८७६ ते ७८ चा, त्यात सोलापूर जिल्हा पार होरपळला होता. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आजच विचारा की 'धाता साल' असं काही कानावर आलंय का. धाता हे संवत्सराचं नाव, म्हणजे शके १७९८, त्यात ७८ मिळवले की १८७६, आणि जन्म माघ-फाल्गुनातला असेल तर ७९ मिळवायचे, तिथंच बरेच जण एक वर्ष चुकतात.

पणजोबांची नोंद सापडली, पणजीची नाही. ती ख्रिस्ती झालीच नव्हती का?

लगेच तसं ठरवू नका. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा, पाच वर्षांचं अंतर! पुढची दहा वर्षं चाळा, आणि मुलांच्या नोंदीत आईचं नाव येतं तेही बघा.

आमचं आडनाव रजिस्टरमध्ये कुठंच नाही.

आडनाव सोडाच हो, तेव्हा बऱ्याच जणांना ते लावायची सवयच नव्हती. नुसतं 'याकोब, बापाचं नाव, गाव' एवढंच असतं, आणि लिहिणारा साहेब असला तर ऐकू आलं तसं स्पेलिंग, म्हणून नाव मोठ्यानं वाचून बघा, डोळ्याला परकं वाटलेलं कानाला घरचं वाटतं. गाव आणि बापाचं नाव जुळलं तर पुढं जा. इंग्रजी कॅटलॉगमध्ये 'सोलापूर' टाकून काही येत नसेल तर जुनं 'शोलापूर' टाका.

आमचे पूर्वज कॅथलिक, रजिस्टर लॅटिनमध्ये आहे.

घाबरू नका, तीच तीच वाक्यं असतात. 'बाप्तिझावी' म्हणजे मी बाप्तिस्मा दिला, 'नातुस' किंवा 'नाता' याच्याजवळची तारीख जन्माची, 'पात्रिनी' म्हणजे धर्ममातापिता, आणि हे बऱ्याचदा मामा-आत्याच निघतात म्हणून त्यांची नावं सोडू नका. नावं लॅटिन केलेली असतात, 'योआन्नेस' म्हणजे आपला योहान. फोटो घ्याल तेव्हा फादरना विचारून अख्ख्या पानाचा घ्या, नुसत्या ओळीचा नको, कारण १९०८ पासून लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीपाशीच करायचा नियम आला आणि ती बारीक अक्षरात समासात असते.

खापरपणजोबा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत गार्ड होते, इंग्लिश चर्चचे.

मग मुंबई इलाख्याच्या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या, त्या ब्रिटिश लायब्ररीत 'एन/३' या मालिकेत आहेत. रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये आली, तिथून पुढं शोधा.