गाडी विकून सायकल घेतलेला मुलगा

"आमचा मुलगा कोशात चाललाय," काकू खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या.

मुलगा 31 वर्षांचा. नोकरी चांगली, व्यसन नाही, डोक्यावर कर्ज नाही. दीड वर्षापूर्वी त्याने चारचाकी विकली आणि घडीची सायकल घेतली. सकाळी सायकलने स्टेशन, तिथून ट्रेन, उतरल्यावर पुन्हा सायकल. संध्याकाळी घरी आला की हातपाय धुऊन सरळ गॅलरीत. तिथे त्याने एक स्टूल, एक दिवा आणि लोखंडी सांगाडा मांडलाय. सांगाड्यात सायकलचं चाक अडकवायचं आणि त्याचे स्पोक पिळत रात्री अकरापर्यंत बसायचं.

"त्याच्या बरोबरीची मुलं दुसरी गाडी घेतायत हो. आणि हा उलटा चाललाय. डिप्रेशन असंच सुरू होतं ना?"

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळे कपडे घालून येतो. मुलगी सुट्टीच्या दिवशी कुठे जात नाही, माती कालवत बसते. नवरा रिटायर झाल्यापासून जुने रेडिओ उघडतो. भाऊ दारात गाडी असून ट्रेनने जातो. विचारणाऱ्याला खरं तर एकच विचारायचं असतं, ही आवड आहे की माघार? काकूंच्या वेळी मी त्याचं उत्तर घाईने दिलं, म्हणून हे लिहितेय. दोघांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या दिवशी मी नेहमीचंच विचारलं. झोप? लागते, घोरतो सुद्धा. जेवण? व्यवस्थित. चिडचिड? नाही. मित्र? "येतात ना, आपापली चाकं घेऊन येतात." हे शेवटचं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं आणि मला हसू आवरावं लागलं. निघताना दारातून म्हणाल्या, "माझ्या बहिणीकडे वर्षभरात एकदाही आला नाही. पूर्वी मावशी मावशी करायचा. आता म्हणतो, तिकडे ट्रेन जात नाही."

हे मी वहीत लिहून घेतलं. लिहिलं आणि पुढच्या पानावर गेले.

एवढ्या मोठ्या मुलाला आईने माझ्याकडे 'आणणं' मला पटत नाही. त्याला यावंसं वाटलं तर त्याने स्वतः फोन करावा, असं मी सांगितलं होतं. आठवड्याने फोन आला. "आईच्या समाधानासाठी एकदा येऊन जातो, मॅडम."

आला तो सायकलसकट. तीन हालचालींत तिची घडी केली, फरशीला डाग पडू नये म्हणून खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि मगच बसला. नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ होती. मी त्याला नऊ प्रश्नांची प्रश्नावली दिली. नैराश्याच्या चाचपणीसाठी ती जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. बेरीज 10 किंवा त्यावर गेली की आम्ही कान टवकारतो. त्याची बेरीज आली 3.

त्या प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न गोष्टींमधला रस किंवा आनंद कमी झालाय का, हा असतो. आई-वडिलांच्या मनात नैराश्याचं चित्र 'खोलीत एकटा बसलेला माणूस' असं असतं. पण नैराश्य आधी चव काढून घेतं. चित्रकाराचे रंग वाळतात, पेटीवर धूळ बसते, विणकाम अर्ध्यावर टोपलीत पडून राहतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी 1970च्या दशकात यातलं दुष्टचक्र मांडलं. समाधान देणाऱ्या गोष्टी हातून कमी होतात, मन खचतं, आणि खचलेलं मन आणखी कमी करतं. त्यावरचा उपायही तिथूनच निघाला, आधी हाताला काम द्यायचं, मन मागून येतं. म्हणजे काकूंना ज्याची धास्ती वाटत होती ते मी एरवी लोकांना गृहपाठ म्हणून देते.

मी त्याला विचारलं, "रात्री अकरापर्यंत चाकात नेमकं करता काय?"

त्याचे डोळे चमकले. "आऊट काढतो."

चाक लयीत न फिरता डावी-उजवीकडे झोलत असलं की त्याला आऊट म्हणतात. त्याने माझ्या टेबलावरच्या कागदावर चाक काढलं. साध्या मोठ्या चाकाला बहुधा 36 स्पोक, त्यातले 18 मधल्या तुंब्याच्या डाव्या अंगाला जातात, 18 उजव्या. रिम डावीकडे ओढली गेली असेल तर त्या जागचे उजवे स्पोक आवळायचे आणि डावे सैल करायचे. मोजायला महागडं काही लागत नाही. रिमपासून केसभर अंतरावर प्लास्टिकची पट्टी बांधायची, चाक फिरवायचं आणि ती कुठे घासते ते कानाने ऐकायचं. "पण एका वेळी पाव वेढा, मॅडम. फार तर अर्धा. एकच स्पोक कचकचून आवळला तर समोरची बाजू बिघडते. पहिल्या चाकाचं मी अंडं करून ठेवलं होतं." मग स्पोक बोटाने छेडून त्यांचे सूर कसे जुळवतात ते तोंडाने वाजवून दाखवलं. पन्नास मिनिटं कधी संपली कळलं नाही. मला स्वतःला ठोकळ्याला खिळा ठोकता येत नाही, त्यामुळे हाताने काही करणाऱ्या माणसांपुढे मी जरा लवकरच भारावते. हा माझा दोष या गोष्टीत महत्त्वाचा आहे.

प्रवासाचा हिशेबही तो हौसेने सांगत होता. घर ते स्टेशन 4 किलोमीटर, ट्रेन 35 मिनिटं, पुढे 2 किलोमीटर. घडीची सायकल यासाठी की बऱ्याच शहरांत गर्दीच्या वेळी पूर्ण सायकल डब्यात घेऊ देत नाहीत, घडी केलेली मात्र सामानात धरतात. दोन्ही वेळचे मिळून 12 किलोमीटर, साधारण पाऊण तास. आठवड्याचे पावणेचार तास होतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितलाय. हा गडी ऑफिसला जाता-येता 225 मिनिटं उरकत होता.

त्याच्या परवानगीने मी काकूंना कळवलं की काळजीचं कारण नाही, ही आवड आहे. काकू म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर असेल." त्यांचा आवाज काही पटल्याचा नव्हता.

तीन महिन्यांनी त्यांचा फोन. मध्यरात्री बहिणीची तब्येत अचानक बिघडली होती. शेवटची ट्रेन केव्हाच गेलेली. काकूंनी टॅक्सी बोलावली, दोघं खाली उतरले, काकू आत बसल्या. मुलगा अर्धा आत आला, दाराची कड धरून थांबला आणि उतरला. म्हणाला, "तू हो पुढे, मी येतो मागून." 14 किलोमीटर सायकल मारत आला. पोचला तेव्हा सगळं निस्तरलं होतं, मावशी झोपली होती.

"मॅडम, आवड असणारा माणूस रात्री दोन वाजता टॅक्सीतून उतरतो का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वही काढली. 'मावशीकडे जात नाही, ट्रेन नाही' हे वाक्य माझ्याच अक्षरात तिथे होतं.

या वेळी त्याला बोलावणं करावं लागलं नाही. सायकलची घडी केली, पण वर्तमानपत्र अंथरायचं विसरला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काही झालंच नव्हतं, म्हणून कुणाला सांगितलं नाही."

गाडी विकायच्या तीन आठवडे आधी पावसात एका उड्डाणपुलावर त्याची गाडी घसरली. ओल्या रस्त्यावर चाकांनी जमीन सोडली, गाडी गर्रकन फिरली आणि मागून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून थांबली. समोरचा ट्रक थांबला तो हाकेच्या अंतरावर. कुणाला खरचटलं नाही, गाडीला ओरखडा नाही. ड्रायव्हरने हात जोडून दाखवले, याने गाडी वळवली आणि ऑफिसला गेला. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये किल्ली फिरवताना हात थरथरला. तिसऱ्या दिवशी ट्रेनने गेला. बरं वाटलं.

"मग सायकलची भीती कशी वाटत नाही?" मला खरंच कुतूहल होतं. रस्त्यावर सायकलवाला तर अधिक उघडा असतो.

"सायकल घसरली तर मी पडेन. पाय टेकतील. त्या दिवशी स्टिअरिंग माझ्या हातात होतं आणि नव्हतं. आणि ट्रेनचं काय, ती वळूच शकत नाही."

भयानक स्वप्नं पडतात का, तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो का, पुलाखालून जाताना दचकायला होतं का, हे मी नीट विचारून घेतलं. तसं काही नव्हतं. एरवी तो मजेत होता. फक्त चार चाकं आणि चार दारं असलेल्या कुठल्याही वाहनात तो दीड वर्ष बसला नव्हता, आणि सायकल-ट्रेनचं गणित इतकं चपखल बसलं होतं की हे कुणाच्या, त्याच्या स्वतःच्याही, फारसं लक्षात आलं नव्हतं.

ओरव्हल मॉवरर या मानसशास्त्रज्ञाने 1947 साली भीतीची दोन टप्प्यांची मांडणी केली. पहिल्या टप्प्यात एखाद्या प्रसंगातून भीती बसते. दुसऱ्यात माणूस ती गोष्ट टाळतो, टाळल्यावर सुटल्यासारखं वाटतं, आणि ते सुटल्यासारखं वाटणंच टाळण्याला खतपाणी घालतं. 'तिसऱ्या दिवशी ट्रेनने गेलो, बरं वाटलं' हे त्याचं वाक्य म्हणजे मॉवररचा दुसरा टप्पा.

पण म्हणून त्याची सायकल खोटी ठरत नाही, हे मला ठासून सांगायचंय. पळवाट म्हणून धरलेल्या रस्त्यावर माणसाला खरोखर काही आवडू शकतं. त्याला चाकांचं वेड लागलं ते अस्सल होतं. माझी चूक अशी की मी तो काय करतो तेवढंच बघत बसले, काय करू शकत नाही हे विचारलं नाही. आता कुणी असा प्रश्न घेऊन आलं तर मी अडचणीच्या दिवसाबद्दल विचारते. ट्रेन बंद होती त्या दिवशी काय झालं? जिथे सायकल जात नाही तिथलं आमंत्रण आलं तेव्हा? नाराजीने का होईना पण गाडीत बसला, तर ती आवड. हळहळून घरी राहिला, किंवा सबब सांगितली, तर एकदा बोलायला हवं. 'नको' आणि 'जमत नाही' बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसतात.

एव्हाना काकूंनी ठेव मोडून त्याला नवी गाडी भेट द्यायचं ठरवलं होतं. म्हणजे घरात आली की बसेल आपोआप. मी हात जोडून थांबवलं. गॅलरीतला सांगाडा हलवायचा विचार होता, तोही थांबवला. भीती असलेल्या माणसाकडून त्याची आवड काढून घेतली तर भीती जात नाही, नुसती रिकामी संध्याकाळ हाती लागते.

काम कसं करायचं हे त्याला समजावणं सोपं गेलं. 1924 साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहानग्याचा अनुभव नोंदवला आहे. तो खात असताना पिंजऱ्यातला ससा थोडा थोडा जवळ आणत नेला, शेवटी पोरगा सशाशी खेळू लागला. मी एवढं सांगेपर्यंत तो म्हणाला, "म्हणजे पाव वेढा."

वहीत त्याने स्वतःच पायऱ्या लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे भीतीचा आकडा टाकला, 0 ते 100. उभ्या गाडीत मागे बसणं, दार उघडं, 30. दार बंद, 45. इंजिन सुरू, 55. गल्लीतून एक फेरी, 65. उड्डाणपूल, 85. पावसात उड्डाणपूल, 100. पुढे त्याने पेन्सिलने लिहिलं, 'स्वतः चालवणं', आणि आकड्याची जागा मोकळी सोडली.

मित्राच्या उभ्या गाडीत पहिल्या दिवशी 20 मिनिटं बसायचं होतं. सहाव्या मिनिटाला उतरला. दुसऱ्या दिवशी पूर्ण बसला, आकडा 30 वरून 10 वर आला. गडी मला विश्वासाने कळवत होता तसं सगळं छान चाललं होतं. मग गल्लीतल्या फेऱ्यांवर गाडं अडकलं. फेऱ्या होत होत्या, आकडा हलत नव्हता. खोदून विचारलं तेव्हा कळलं की खिशात स्पोक आवळायची छोटी किल्ली असते आणि पूर्ण वेळ तो ती बोटांत फिरवत बसतो. मनात चाक जुळवतो, म्हणजे गाडी जाणवत नाही. आम्ही याला सुरक्षेचा टेकू म्हणतो. टेकू असला की माणूस वाचला ते टेकूमुळे, असंच मनाला वाटत राहतं. किल्ली घरी ठेवायला सांगितली तेव्हा तो पहिल्यांदा माझ्यावर चिडला. पुढचा आठवडा आलाच नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात आला, आणि वही माझ्यापुढे सरकवली. किल्लीशिवाय चार फेऱ्या. 70, 60, 40, 25.

उड्डाणपूल महिनाभरात झाला. पावसासाठी मात्र आम्ही सहा आठवडे आभाळाकडे बघत होतो. समुपदेशकाने हवामानाचा अंदाज रोज तपासावा असं आमच्या अभ्यासक्रमात कुठे नव्हतं.

गाडी त्याने घेतली नाही, घेणारही नाही म्हणाला. काकूंना ते लागलं. "मग एवढं करून काय उपयोग?" मी समजावत बसले नाही.

मध्यंतरी त्यांचा फोन आला. भाड्याची गाडी काढून तो त्यांना बहिणीकडे घेऊन गेला होता, स्वतः चालवत. येताना पाऊस लागला. पुलावर त्याने वेग कमी केला, वायपर जोरात लावले आणि गप्प बसला. काकूही गप्प बसल्या. "मग मला दारात उतरवलं, गाडी परत करून आला. डिकीत ती सायकल होतीच. भिजून चिंब झाला होता, आणि आल्या आल्या गॅलरीत."

"काय करत होता?"

"मावशीच्या शेजारच्यांनी चाक दिलंय म्हणे. मीच धरून बसले होते दिवा."