दोन्ही मशिनींना एकच आयपी कसा?

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी लातूरला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या विंडोज लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून उबुंटू सर्व्हरच्या दोन व्हर्च्युअल मशिनी (लॅपटॉपच्या आतले आभासी कॉम्प्युटर) केल्या. दुसरी मशीन म्हणजे पहिलीचा क्लोन, हुबेहूब नक्कल. एकीवर वेबसाइट आणि दुसरीवर मायएसक्यूएल हा डेटाबेस ठेवायचा आहे. पण दोन्हींत १०.०.२.१५ हाच आयपी दिसतो आणि एकमेकींना पिंग जात नाही. एकीला १९२.१६८.१.५० असा पक्का आयपी दिला, तर तिचं इंटरनेटच गेलं. मग हॉस्टेलच्या वायफायवर ब्रिज्ड करून पाहिलं, तेही चाललं नाही. सगळं पुसून परत इन्स्टॉल करू का?

उत्तर : पुसू नकोस. तुझं इन्स्टॉलेशन बिघडलेलं नाही, आणि दोन्हीकडे १०.०.२.१५ दिसणं ही चूकही नाही. नवी मशीन केली की व्हर्च्युअलबॉक्स तिचं पहिलं अडॅप्टर, म्हणजे नेटवर्क कार्ड, नॅट या प्रकारावर ठेवतो. नॅटमध्ये प्रत्येक मशीनच्या मागे तिचा स्वतःचा वेगळा राउटर असतो. राउटर १०.०.२.२ वर, डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारा) १०.०.२.३ वर आणि मशीन १०.०.२.१५ वर. दुसऱ्या मशीनच्या मागेही तसाच राउटर आणि तेच आकडे. दोन गावांत दोन गांधी चौक असावेत, तसं हे आहे. पत्ता सारखा असला तरी गावं वेगळी, म्हणून भांडण नाही. पण मधे रस्ता नाही, म्हणून पिंगही नाही.

आता इंटरनेट का गेलं तेही कळेल. तिथला राउटर फक्त १०.०.२ ने सुरू होणारे पत्ते ओळखतो. तू मशीनला १९२.१६८.१.५० दिलास आणि तिची त्या राउटरशी ओळखच तुटली. पक्का आयपी म्हणजे मनातला कोणताही आकडा नव्हे. कार्ड ज्या नेटवर्कात बसलंय, त्यातलाच तो असावा लागतो.

ब्रिज्डचं मात्र मी जरा सविस्तर सांगते. ब्रिज्ड केल्यावर तुझी मशीन थेट हॉस्टेलच्या नेटवर्कात जाऊन बसते. वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट लॅपटॉपच्या एकाच मॅक अ‍ॅड्रेसला, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला, ओळखतो. त्याच लॅपटॉपमधून दुसरा मॅक बोलू लागला, की सहसा तो त्याला दाद देत नाही. व्हर्च्युअलबॉक्स मॅक बदलून जुळवून घेतो खरा, पण लॉगिन मागणाऱ्या नेटवर्कात तेही पुरत नाही. आणि समजा चाललं असतं, तरी तिथले पत्ते वाटणं आपलं काम नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळी सगळ्या कॉम्प्युटरांचं नेट बंद पडलं. आम्ही दीड तास केबली तपासत होतो. शेवटी कारण सापडलं : एका मुलाने ब्रिज्ड मशीनला शेवटी १ असलेला पत्ता दिला होता, आणि तोच लॅबच्या राउटरचा पत्ता होता. बाकीचे कॉम्प्युटर ‘राउटर कुठे आहे?’ विचारत होते आणि ती मशीन ‘मी इथे’ म्हणत होती. त्या मुलाला कोणी हे सांगितलंच नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून इतक्या लांबणीने सांगतेय.

तुझ्या कामाला खरा उपाय असा : प्रत्येक मशीनला दोन कार्डं दे. पहिलं पुन्हा नॅटवर ठेव आणि त्याला डीएचसीपीच, म्हणजे आपोआप मिळणारा पत्ताच, असू दे. अपडेट, पॅकेजेस, सगळं इंटरनेट त्यातून येईल. मशीन बंद करून सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली अडॅप्टर २ चालू कर आणि होस्ट-ओन्ली निवड. हे नेटवर्क फक्त तुझ्या लॅपटॉपचं आणि त्यातल्या मशिनींचं. हॉस्टेलचं वायफाय असो, घरचं असो की काहीच नसो, इथले पत्ते बदलत नाहीत.

विंडोजवर हे नेटवर्क बहुधा १९२.१६८.५६ ने सुरू होतं. १ हा पत्ता लॅपटॉपचा, १०० वर डीएचसीपी सर्व्हर, आणि तो १०१ पासून पुढचे पत्ते वाटतो. म्हणून आपण शंभरच्या आतले घ्यायचे : वेबसाइटला १९२.१६८.५६.११, डेटाबेसला १९२.१६८.५६.१२.

मशीन सुरू करून ‘आयपी ए’ ही कमांड दे. ईएनपी०एस३ हे नॅटचं कार्ड, ईएनपी०एस८ हे नवं. उबुंटूत नेटवर्कची मांडणी नेटप्लॅनच्या फाइलींत असते. तिथे ५० ने सुरू होणारी फाइल आधीच असेल, तिला हात लावू नकोस. ९९ ने सुरू होणारी स्वतःची फाइल कर. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, त्यामुळे तुझी शेवटी लागू होते. तिच्यात ईएनपी०एस८ खाली दोनच गोष्टी : डीएचसीपी बंद, आणि पत्ता. पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन २४ लिहायचं, ते विसरलास तर नेटप्लॅन फाइल नाकारेल. गेटवे, म्हणजे बाहेर जाण्यासाठीच्या राउटरचा पत्ता, मुळीच लिहू नकोस. बाहेरची वाट नॅटच्या कार्डाकडे आहेच. इथे दुसरा गेटवे दिलास तर इंटरनेट पुन्हा अडखळेल. फाइलीत टॅब चालत नाही, स्पेसच द्यायची.

मग ‘सुडो नेटप्लॅन ट्राय’. ही कमांड मला फार आवडते. नवी मांडणी लावून ती १२० सेकंद थांबते. तू एंटर दाबला नाहीस तर जुनी परत आणते. दुरून काम करताना स्वतःलाच बाहेर कोंडून घेण्याची भीती राहत नाही.

क्लोनबाबत तीन गोष्टी. क्लोन करताना सगळ्या अडॅप्टरांना नवे मॅक अ‍ॅड्रेस द्यायचा पर्याय निवड. तुझी ९९ ची फाइलही क्लोनमध्ये जशीच्या तशी जाते, म्हणून तिथे ११ चं १२ करावंच लागतं. तिसरी गोष्ट चटकन लक्षात येत नाही : उबुंटू सर्व्हर डीएचसीपीकडे आपली ओळख मॅकवरून नाही, तर मशीन-आयडीवरून सांगतो. क्लोनमध्ये तोही तसाच येतो. मग मॅक वेगळे असूनही दोघींना एकच पत्ता मिळतो. ईटीसी फोल्डरातली मशीन-आयडी नावाची फाइल क्लोनमध्ये रिकामी कर आणि रीस्टार्ट कर, नवा आयडी तयार होईल. फाइल डिलीट नको, फक्त रिकामी.

आता ११ वरून १२ ला पिंग कर. लॅपटॉपवरून दोन्हींना एसएसएचही करता येईल, म्हणजे दुरून लॉगिन करून कमांड देता येतील. मशीनवरून लॅपटॉपला पिंग गेला नाही तर घाबरू नकोस, बहुतेक वेळा विंडोजची फायरवॉल तो अडवते. पिंग व्यवस्थित जातोय आणि तरी वेबसाइटला डेटाबेस सापडत नाही, असं झालं तर मायएसक्यूएलच्या सेटिंगमध्ये बाइंड-अ‍ॅड्रेस बघ. उबुंटूत तो १२७.०.०.१ असतो, म्हणजे मायएसक्यूएल फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतो. तिथे १९२.१६८.५६.१२ लिही, सर्व्हिस रीस्टार्ट कर, आणि डेटाबेसच्या युजरला १९२.१६८.५६.११ वरून यायची परवानगी दे.